मोठ्या संख्येचे गुणधर्म हाताने कसे काढावेत : सोलापूरच्या ४१३००१ वर एक सविस्तर सराव

एखादी पाच-सहा अंकी संख्या समोर आली की तिचे विभाजक किती, ती मूळ की संयुक्त, तिच्या व्यस्त संख्येचा दशांश कुठे आवर्ती होतो, ती दोन वर्गांची बेरीज होऊ शकते का, असे प्रश्न विचारता येतात. यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे आता संगणक क्षणात देतो, पण ती उत्तरे कोठून येतात हे त्यात दिसत नाही. हा लेख त्या उत्तरांचा मार्ग दाखवण्यासाठी आहे. सातवी-आठवीपर्यंतचे गणित, एक कोरी वही आणि थोडा निवांत वेळ एवढे भांडवल पुरेसे आहे. साधा कॅल्क्युलेटर जवळ असला तर हरकत नाही, मात्र त्याचा उपयोग भागाकार पडताळण्यापुरता करावा.

सरावासाठी संख्या कोणतीही चालली असती. मी सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड घेतला आहे, कारण तो इथल्या प्रत्येकाला पाठ असतो आणि तरीही त्याच्याकडे संख्या म्हणून कोणी पाहत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून आलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यातील पहिला अंक विभाग सांगतो, आणि ४ या अंकात महाराष्ट्र व गोव्याबरोबर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात. टपाल खात्याच्या दृष्टीने ४१३००१ हा केवळ पत्ता आहे. आपण त्याला चार लाख तेरा हजार एक असे वाचू आणि कामाला लागू.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढे वेळ कुठे घालवायचा हे ठरेल. या कामात खरे कष्ट एकाच पायरीला आहेत, ते म्हणजे मूळ अवयव पाडणे. ते एकदा बिनचूक हाती आले की बाकीचे जवळजवळ सगळे गुणधर्म दोन-दोन ओळींच्या गुणाकारात निघतात. म्हणून या लेखातही अर्धी जागा त्या एका पायरीला दिली आहे.

वर्गमूळाचा अंदाज

सर्वप्रथम संख्या कोणत्या दोन वर्गांच्या मध्ये बसते ते पाहावे. ६४२ चा वर्ग ४१२१६४ आणि ६४३ चा वर्ग ४१३४४९ येतो. म्हणजे आपली संख्या पूर्ण वर्ग नाही आणि तिचे वर्गमूळ ६४२.६५ च्या आसपास आहे. ७४ चा घन ४०५२२४ आणि ७५ चा घन ४२१८७५ असल्यामुळे ती पूर्ण घनही नाही. वर्गमूळ काढण्याचा खरा हेतू वेगळा आहे. संयुक्त संख्येचा किमान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच, त्यामुळे ६४२ च्या पुढे शोधण्याची गरज उरत नाही. चार लाखांपर्यंत भागाकार करत बसण्याऐवजी साडेसहाशेच्या आत करावेत, ही बचत फार मोठी आहे.

अवयव पाडणे

शेवटचा अंक १ आहे, त्यामुळे २ आणि ५ बाद झाले. अंकांची बेरीज ४ + १ + ३ + ० + ० + १ = ९ येते, म्हणून ९ ने निःशेष भाग जातो. ४१३००१ ÷ ९ = ४५८८९. इथे पुष्कळ जण लगेच पुढे जातात, पण आणखी एकदा ३ चा भाग जातो का हे पाहणे आवश्यक आहे. ४५८८९ च्या अंकांची बेरीज ३४ आहे आणि तिला ३ ने भाग जात नाही. म्हणजे ३ चा घातांक नेमका २ आहे. हा घातांक चुकला तर पुढची सगळी उत्तरे चुकतात.

आता ७, ११ आणि १३ यांची परीक्षा एकाच झटक्यात घेता येते, कारण ७ × ११ × १३ = १००१. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत आणि ते आळीपाळीने वजा व अधिक करावेत. ४१३००१ चे गट ४१३ आणि ००१ असे पडतात, त्यांतील फरक ४१२ आहे. ४१२ ला ७ ने भागल्यास बाकी ६, ११ ने भागल्यास ५ आणि १३ ने भागल्यास ९ उरते. तिन्ही वेळा बाकी उरली, म्हणून तिन्ही मूळ संख्या एकदम बाद झाल्या. हेच गट वजा न करता मिळवले तर ९९९ ची, म्हणजे २७ × ३७ ची, परीक्षा होते. ४१३ + १ = ४१४, आणि ४१४ ला २७ ने भागल्यास बाकी ९ तर ३७ ने भागल्यास बाकी ७ येते. ३ चा घातांक दोनच असल्याची खात्री यातून दुसऱ्या वाटेने झाली आणि ३७ ही निघून गेली. शाळेत या युक्त्या क्वचितच शिकवल्या जातात, याचे मला नेहमी नवल वाटते.

यानंतर युक्त्या संपतात आणि चिकाटी सुरू होते. आता ४१३००१ सोडून ४५८८९ वर काम करावे, कारण तिचे वर्गमूळ २१४.२ आहे आणि शोधाची मर्यादा ६४२ वरून २१४ वर येते. १७ पासून २११ पर्यंत ४१ मूळ संख्या आहेत. वाईटात वाईट परिस्थितीत तेवढे भागाकार करावे लागतील.

प्रत्येक भागाकार लांबलचक मांडण्याची गरज नाही. जवळचा सोपा गुणाकार घ्यावा आणि फरक पाहावा. १७ साठी १७ × २७०० = ४५९०० हा गुणाकार सोयीचा आहे. आपली संख्या त्याहून ११ ने कमी आहे आणि ११ ला १७ ने भाग जात नाही, म्हणून १७ बाद. १९ साठी १९ × २४०० = ४५६००, उरले २८९. २८९ म्हणजे १७ चा वर्ग, त्याला १९ चा भाग जाणार नाही. २३ साठी २३ × २००० = ४६०००, त्यातून १११ वजा करायचे, आणि १११ ला २३ ने भागल्यास बाकी १९ उरते. अशा रीतीने एकेक मूळ संख्या ओळीने घ्यावी आणि तिच्यासमोर बाकी लिहावी : १७ ची ६, १९ ची ४, २३ ची ४, २९ ची ११, ३१ ची ९, ४१ ची १०, ४३ ची ८, ४७ ची १७. 'जात नाही' असे नुसते न लिहिता बाकी लिहिण्याचे कारण असे की नंतर एखादा भागाकार तपासायचा झाला तर तो पुन्हा करावा लागत नाही. कॅल्क्युलेटरवर दशांश चिन्हापुढचे अंक पाहून निर्णय घेणाऱ्यांनी पूर्णांक भागाकाराला भाजकाने गुणून बाकी काढावी, हे बरे.

१०१ साठी आणखी एक सोय आहे. उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट आळीपाळीने अधिक-वजा करावेत : ८९ − ५८ + ४ = ३५, म्हणजे १०१ बाद. १०३ ची बाकी ५४ येते. १०७ × ४२९ = ४५९०३, फरक १४, म्हणून तीही बाद. आणि १०९ पाशी शोध थांबतो :

१०९ × ४२१ = ४३६०० + २२८९ = ४५८८९.

आता ४२१ चे काय, हा प्रश्न उरतो. इथे नव्याने एकही भागाकार करावा लागत नाही. ४२१ ला जर कोणी लहान मूळ अवयव असता, तर तो २० किंवा त्याहून लहान असता, आणि तोच ४५८८९ चाही अवयव ठरला असता. तेथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आपण आधीच बाद केल्या आहेत. म्हणून ४२१ मूळ आहे. अंतिम उत्तर असे :

४१३००१ = ३² × १०९ × ४२१

उत्तर मिळाल्यावर ते पडताळून पाहावे. अंकांच्या बेरजेची पडताळणी सर्वांना माहीत असते : १०९ ची बेरीज १०, म्हणजे १, ४२१ ची ७, गुणाकार ७, आणि ४५८८९ ची ३४, म्हणजे ७. जुळले. परंतु दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर ही पडताळणी ती पकडत नाही, म्हणून ११ चीही पडताळणी करावी. उजवीकडून आळीपाळीने अंक अधिक-वजा केल्यास १०९ चे १० आणि ४२१ चे ३ येतात. गुणाकार ३०, त्याला ११ ने भागल्यास बाकी ८. ४५८८९ चे ९ − ८ + ८ − ५ + ४ = ८. दोन्ही पडताळण्या जुळल्या तर बहुतेक चुका टळतात.

फर्मा यांची दुसरी वाट

सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांनी अवयव शोधण्यासाठी वेगळी पद्धत दिली. विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लिहिता आली की तिचे अवयव आपोआप मिळतात, कारण क² − ख² = (क − ख)(क + ख). ४५८८९ साठी २१५ पासून सुरुवात करावी. २१५² − ४५८८९ = ३३६, हा पूर्ण वर्ग नाही. पुढची पायरी काढण्यासाठी नवा वर्ग काढावा लागत नाही, फक्त २१५ + २१६ = ४३१ मिळवावे लागतात. ३३६ + ४३१ = ७६७, हाही वर्ग नाही. त्यानंतर ४३३, मग ४३५, अशी मिळवण्याची विषम संख्या दर पायरीला दोनाने वाढत जाते. पूर्ण वर्गाच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ येत नाहीत, या एका नियमाने बऱ्याच पायऱ्या पाहताक्षणी सोडता येतात. अखेरीस २६५² − ४५८८९ = ७०२२५ − ४५८८९ = २४३३६ येते आणि ते १५६ चा वर्ग आहे. म्हणून अवयव २६५ − १५६ = १०९ आणि २६५ + १५६ = ४२१.

यात २१५ पासून २६५ पर्यंत ५१ पायऱ्या झाल्या. १७ पासून सरळ भागाकार करत जाण्याच्या पद्धतीत १०९ ही तेविसावी मूळ संख्या होती. पायऱ्या जास्त असल्या तरी त्या केवळ बेरजेच्या आहेत. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तर फर्मा यांची पद्धत झटपट उत्तर देते, दूर असतील तर ती दमवते. माझा सल्ला असा की पहिल्या दहा-बारा पायऱ्या तिच्या करून पाहाव्यात, उत्तर आले तर उत्तम, नाही तर सरळ भागाकाराकडे वळावे.

विभाजकांची संख्या आणि बेरीज

इथून पुढे वाट उताराची आहे. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या मिळते : (२ + १)(१ + १)(१ + १) = १२. ते बारा विभाजक १, ३, ९, १०९, ३२७, ४२१, ९८१, १२६३, ३७८९, ४५८८९, १३७६६७ आणि ४१३००१ हे होत.

बारा हा आकडा कमी की जास्त? चार लाखांच्या परिसरातील संख्यांच्या विभाजकांची सरासरी १४ च्या जवळपास पडते, म्हणजे आपली संख्या तशी सर्वसाधारणच आहे. मात्र तिच्याहून लहान असलेल्या ३३२६४० या संख्येला तब्बल १९२ विभाजक आहेत, कारण ३३२६४० = २⁵ × ३³ × ५ × ७ × ११. श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात अशाच, आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांचा अभ्यास केला होता. लहान मूळ संख्यांचे घात जितके जास्त, तितके विभाजक जास्त. १०९ आणि ४२१ यांसारखे भारी अवयव असले की विभाजक कमी होतात.

विभाजकांची बेरीज (१ + ३ + ९)(१ + १०९)(१ + ४२१) = १३ × ११० × ४२२ = ६०३४६० येते. शंका असल्यास वरील बारा विभाजक प्रत्यक्ष मिळवून पाहावेत. त्यातून संख्या स्वतः वजा केली की १९०४५९ उरतात, आणि ते ४१३००१ हून कमी असल्यामुळे ही न्यून संख्या ठरते. बेरीज संख्येएवढीच आली असती तर ती परिपूर्ण झाली असती. पण सहा अंकी परिपूर्ण संख्या अस्तित्वातच नाही, कारण ८१२८ नंतरची परिपूर्ण संख्या थेट ३३५५०३३६ आहे.

४१३००१ पर्यंतच्या किती संख्या तिच्याशी सहमूळ आहेत, म्हणजे १ खेरीज तिच्याशी समाईक विभाजक नसलेल्या आहेत, याचे उत्तर गणिती ऑयलर यांच्या सूत्राने ६ × १०८ × ४२० = २७२१६० असे येते. ९ मुळे ६, १०९ मुळे १०८ आणि ४२१ मुळे ४२०, असे हे गुणक पडतात.

दोन वर्गांची बेरीज

हा भाग मला सर्वांत आवडतो, म्हणून थोडे थांबतो. एखादी संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज आहे की नाही, हे तिच्या मूळ अवयवांवरून न शोधता सांगता येते. ४ ने भागल्यावर बाकी ३ उरणाऱ्या मूळ अवयवांचे घातांक सम असले पाहिजेत, एवढीच अट आहे. आपल्याकडे तसा अवयव फक्त ३ आहे आणि त्याचा घातांक २ आहे. १०९ आणि ४२१ या दोहोंना ४ ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणजे उत्तर नक्की आहे. आता ते वर्ग शोधायचे.

१०९ = १०² + ३² हे सहज दिसते. ४२१ = १५² + १४² थोड्या प्रयत्नाने सापडते. यांचा गुणाकार करण्यासाठी इसवी सन ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्त लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्तांच्या नावाने ओळखले जाणारे नित्यसमीकरण वापरावे :

(क² + ख²)(ग² + घ²) = (कग + खघ)² + (कघ − खग)²

क = १०, ख = ३, ग = १५, घ = १४ घेतल्यास १५० + ४२ = १९२ आणि १४० − ४५ = ९५ मिळतात, म्हणून ४५८८९ = १९२² + ९५². दोन्ही ठिकाणी चिन्हे उलटी केल्यास १०८ आणि १८५ मिळतात. राहिलेल्या ९ साठी प्रत्येक संख्येला ३ ने गुणावे. अशा प्रकारे

४१३००१ = ५७६² + २८५² = ३३१७७६ + ८१२२५
४१३००१ = ३२४² + ५५५² = १०४९७६ + ३०८०२५

असे नेमके दोन प्रकार निघतात, तिसरा नाही.

वर्गांच्या वजाबाकीचे प्रकार सहा आहेत, कारण बारा विभाजकांच्या सहा जोड्या पडतात. सर्वांत जवळची जोडी ४२१ × ९८१ आहे. तिच्यावरून ७०१² − २८०² मिळते. क्रमागत संख्यांच्या बेरजेचे प्रकारही विभाजकांवरूनच येतात : २०६५०० + २०६५०१ हा एक, १३७६६६ पासूनच्या तीन संख्या हा दुसरा, ४५८८५ ते ४५८९३ या नऊ संख्या हा तिसरा. असे एकूण ११ प्रकार आहेत आणि बाकीचे वाचकांनी शोधावेत.

व्यस्त संख्येचा आवर्ती दशांश

१ ला ४१३००१ ने भागले तर दशांश कधीच संपणार नाही, कारण संख्येत २ आणि ५ खेरीज इतर अवयव आहेत. तो किती अंकांनंतर पुन्हा तसाच सुरू होतो, हे पाहण्यासाठी प्रत्येक मूळ घातासाठी १० चा कितवा घात बाकी १ देतो ते शोधावे लागते. ९ साठी पहिलाच घात पुरतो. १०९ साठी १०८ वा घात लागतो. ४२१ साठी मात्र ४२० पर्यंत जावे लागत नाही : १०⁷ ची बाकी ४०८, म्हणजेच −१३. तिचा वर्ग करत १०¹⁴ ची बाकी १६९ आणि १०²⁸ ची −६७ मिळते. १०³⁵ ची (−६७) × (−१३) = ८७१, म्हणजे २९, आणि १०⁷⁰ ची ८४१, म्हणजे −१. त्यावरून १०¹⁴⁰ ची बाकी १ येते, आणि १४० चे लहान विभाजक तपासल्यावर त्याआधी ती येत नाही याची खात्री होते. १, १०८ आणि १४० यांचा लसावि ३७८० आहे. म्हणजे १/४१३००१ चा आवर्ती भाग ३७८० अंकी आहे. प्रत्यक्ष भागाकार न करता, चार-पाच ओळींत हे उत्तर मिळते.

द्विमान रूप

द्विमान रूपात फक्त ० आणि १ हे अंक असतात. संख्येतून २ चे मोठ्यात मोठे घात वजा करत जावे, जो घात जातो तिथे १ आणि जात नाही तिथे ० लिहावा. २६२१४४ जातात, १३१०७२ जातात, पुढचे दोन जात नाहीत, १६३८४ जातात, असे करत शेवटी

११००१००११०१०१००१००१

हे १९ अंकी रूप मिळते आणि त्यात १ नऊ वेळा येतो. सोलापुरी चादरीच्या जेकार्ड मागावरील कार्डे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या मांडणीत नवे काही वाटणार नाही. कार्डावर ज्या ठिकाणी भोक असेल तिथे ताण्याचे सूत उचलले जाते, भोक नसेल तिथे उचलले जात नाही, आणि एवढ्या दोनच शक्यतांतून चादरीवरचा मोर उमटतो. द्विमान अंक उजवीकडून तीन-तीन घेतल्यास अष्टमान रूप १४४६५११ मिळते, चार-चार घेतल्यास षोडशमान रूप ६४डी४९, ज्यात 'डी' म्हणजे १३.

कापरेकरांचे दोन खेळ

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी संख्यांच्या अंकांवर आधारित अनेक गुणधर्म शोधले. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. ४१३००१ च्या अंकांची बेरीज ९ आणि तिला ९ ने भाग जातो, म्हणून ती हर्षद आहे. ४१३००८ पर्यंतच्या पुढच्या सात संख्यांत ४१३००४ (÷ १२ = ३४४१७) आणि ४१३००८ (÷ १६ = २५८१३) या दोनच हर्षद निघतात. या आठही संख्यांत मूळ संख्या एकही नाही. ४१३००३ पाहताना मूळ वाटते, पण ती १९ × २१७३७ आहे. या परिसरात दर १३ संख्यांमागे सरासरी एक मूळ संख्या सापडते, त्यामुळे आठांत एकही नसणे फारसे आश्चर्याचे नाही.

दुसरा खेळ त्यांच्या ६१७४ मुळे जगप्रसिद्ध आहे. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. चार अंकी संख्यांत ही क्रिया ६१७४ वर स्थिरावते. सहा अंकी संख्यांत तसे एकच ठिकाण नाही. आपल्या संख्येपासून ४३११०० − ००११३४ = ४२९९६६, मग ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. म्हणजे सात संख्यांच्या चक्रात ती कायमची अडकली. पुढे शून्य येणाऱ्या चढत्या मांडणीतील शून्ये गाळू नयेत, नाही तर चक्र बिघडते.

किती मोठ्या संख्येपर्यंत?

सात अंकांपर्यंत वरील रीत एका दुपारी पुरी होते. दहा अंकी मोबाईल क्रमांकासाठी वर्गमूळ एक लाखापर्यंत जाते आणि त्याखाली ९५९२ मूळ संख्या आहेत, तिथे संगणकाला पर्याय नाही. त्याहीपुढे संगणकही थकतो. १९७७ मध्ये मांडलेली आरएसए ही सांकेतिक लेखनाची पद्धत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण त्या गुणाकारातून त्या परत वेगळ्या करणे अत्यंत कठीण, याच विषमतेवर उभी आहे. २५० अंकी आरएसए-२५० ही संख्या २०२० मध्ये फोडण्यात आली, तीही असंख्य संगणक एकत्र राबवून.

हाताने सराव करायचा असेल त्यांनी ४१३००७ घ्यावी. १००१ च्या परीक्षेत फरक ४०६ येईल आणि ७ तिथेच सापडेल. पडताळणीसाठी उत्तरे अशी : मूळ अवयव ३ × ७ × ७१ × २७७, विभाजक १६, विभाजकांची बेरीज ६४०५१२, सहमूळ संख्या २३१८४०. ३, ७ आणि ७१ यांचे घातांक विषम असल्यामुळे तिला दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. अंकांची बेरीज १५ असून शेवटचा अंक ७ असल्यामुळे ती हर्षदही नाही.